टिपणिसांच्या मिशीतून गेलेला कालवा

"आधी शपथ घ्या, मग घराबाहेर पाऊल टाका," सुगंधा हातात झारा घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"अगं, दाढी करायला चाललोय, लढाईला नाही," श्यामकांत टिपणीस चपला शोधत म्हणाला.

"लढाई घरी आहे. दुपारी मामंजी जेवायला येताहेत. त्यांनी उंबरठा ओलांडल्यापासून पान खाऊन परत जाईपर्यंत राजकारणाचा एक शब्दसुद्धा तुमच्या तोंडातून निघता कामा नये. म्हणा, घेतली शपथ."

"त्यांनीच काढला विषय तर?"

"तरी नाही. मुकाट्यानं श्रीखंड चाटायचं."

श्यामकांतने शपथ घेतली. न घेऊन सांगतो कुणाला? चुलीवरचा झारा तेलातून नुकताच निघाला होता.

टिपणिसांच्या घरात बाप-लेकाचं भांडण घरच्या कारणावरून कधीच झालं नाही. वाटणी, भांडीकुंडी, गावचं घर या बाबतीत मार्तंडराव ऊर्फ अण्णा आणि श्यामकांत यांचं एका शब्दात जमत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या बाबतीत तर दोघं इतके एकजीव होते की त्यावर बोलण्यात काही रामच उरला नव्हता. त्यामुळे वाद घालायचा तर बिचाऱ्यांना सातासमुद्रांपलीकडे जावं लागे. कोरियावरून त्यांनी एकदा चहाची किटली फोडली होती.

गेल्या साली रशियाचे पाहुणे मुंबईला येऊन गेले, तेव्हा कळस झाला. अण्णा जेवताना म्हणाले, "या लोकांच्या हसण्यावर जाऊ नका." त्या सकाळपर्यंत श्यामकांतने रशियाबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता, पण अण्णा विरुद्ध म्हटल्यावर तो असा काही रशियाच्या बाजूनं उठला की पानातली आमटी अळवाच्या भाजीत गेली. अण्णाही उठले. हात न धुता उठले. आमटीनं माखलेला उजवा हात झेंड्यासारखा वर धरून ते मुलुंड स्टेशनापर्यंत चालत गेले आणि तसेच घाटकोपरला उतरून, जिथे ते राहत त्या थोरल्या मुलाच्या घरी पोचले, असं मुलुंडमध्ये अजून सांगतात. तेव्हापासून अबोला. मुलुंड आणि घाटकोपर यांच्यामध्ये दिवसभर गाड्या धावत होत्या, पण या दोघांमध्ये एक अक्षर धावत नव्हतं.

सुगंधा मात्र सासऱ्यांना भेटायला जाई. कधी कुळथाचं पीठ, कधी लिंबाचं लोणचं. ती परतली की श्यामकांत दुसरीकडे बघत विचारी, "काय म्हणत होते?" ती जे काय असेल ते सांगे. वर्षभर तिने अशी दोन्ही तीरांवर ये-जा केली, तेव्हा कुठे अण्णा एकदाचे "येईन दिवाळीच्या पाडव्याला" म्हणाले. आणि नेमकं त्याच आठवड्यात इंग्रज-फ्रेंचांनी सुवेझच्या कालव्यापायी इजिप्तवर विमानं घातली! आता दैवाचे खेळ म्हणायचे की विलायतेतल्या लोकांना टिपणिसांचं घर बघवत नव्हतं, कोण जाणे.

श्यामकांतची अडचण अशी होती की मत अडवून धरलं की त्याचं पोट फुगे. तेव्हा त्याने चालता चालता सरळ हिशेब केला: पोटात सुवेझबद्दल जेवढं म्हणून आहे, तेवढं सगळं आत्ताच धाकूच्या सलूनमध्ये ओतून यायचं. रिकाम्या पोटानं अण्णांसमोर बसायचं. मग शपथ पाळायला जड काय?

धाकूचं सलून स्टेशनच्या बाजूला. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक आणि एक वर्तमानपत्र. धाकू मूळचा मालवणकडचा. गिऱ्हाइकाशी मत जुळलं तर दाढी पटकन होई, नाही जुळलं तर दुपार उलटे. त्या दिवशी बाकावर पोस्टातले सहदेव पोंक्षे पेपर उघडून बसले होते.

"काय टिपणीस, वाचलंत? बाँब टाकले म्हणे," पोंक्षे म्हणाले.

"टाकतील नाहीतर काय करतील?" श्यामकांत खुर्चीत बसता बसता मोकळा होऊ लागला. "कालवा ज्यानं खणला त्याचा. भांडवल त्यांचं, अक्कल त्यांची. उद्या हा धाकू म्हणेल, तुमची दाढी माझ्या दुकानात झाली, तेव्हा हनुवटी माझी!"

धाकूचा ब्रश वाटीतच थांबला. "माका शिकवू नकात, टिपणीससायब. आमच्या गावाक खोतान आमच्या शेतातसून पाट खणल्यान. जमीन आमची. मगे पाट कोणाचो?"

"खोताचा."

"खोताचो?" धाकूने श्यामकांतच्या गालावर फेसाचा असा फटकारा मारला की अर्धा फेस आरशावर गेला. "तुमका कालवो खंय आसा, ता तरी ठावूक आसा काय?"

"तुला ठाऊक आहे?"

"थांबा. नकाशोच काढतंय."

आणि धाकूने श्यामकांतचं अख्खं तोंड फेसानं भरून टाकलं. गाल, हनुवटी, कानशिलं, नाकाखालचा भाग, काही शिल्लक ठेवलं नाही. नकाशाला जागा नको का? मग वस्तरा परजून तो पुढ्यात उभा राहिला.

"ह्यो उजवो गाल म्हणजे इजिप्त. ह्या डाव्या कानाकडे इस्रायल."

"चूक! साफ चूक!" श्यामकांत फेसातून ओरडला. तो आरशात बघत होता. "इजिप्त पश्चिमेला. म्हणजे डावीकडे. डावा गाल इजिप्त!"

"माझ्या डावीकडे तुमचो उजवो गाल येता!"

"पण तोंड माझं आहे ना!"

"नकाशो माझो आसा!"

पोंक्षे पेपर टाकून उठले. ते एकदा आरशात बघत, एकदा श्यामकांतकडे. त्यांना दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळे ते भयंकर चिडले होते. "इस्रायल दोन्ही कानांना कसं असेल, यार? एकाला कुठेतरी माघार घ्यायला हवी!"

माघार कोण घेतो? गल्लीतून जाणारा एक दूधवालाही दारात थांबला आणि त्याने इजिप्तच्या बाजूनं मान हलवली, पण कोणत्या गालाकडे बघून, ते कळलं नाही. शेवटी श्यामकांतनेच तोडगा काढला.

"पूर्व-पश्चिम राहू दे बाजूला. उत्तर-दक्षिण तरी मान्य आहे ना? भूमध्य समुद्र वर?"

"वर," धाकू म्हणाला.

"तांबडा समुद्र खाली?"

"खाली. पान खाल्ल्यासारखो तांबडो."

"मग नाक म्हणजे भूमध्य समुद्र, ओठ म्हणजे तांबडा समुद्र. आणि कालवा उभा! सरळ उभा! वरून खाली!"

"शंभर टक्के उभा," पोंक्षे म्हणाले.

"उभोच," धाकू म्हणाला.

सकाळपासून त्या सलूनमध्ये एवढ्या एकाच गोष्टीवर तिघांचं एकमत झालं. त्या एकमताच्या आनंदात धाकूने वस्तरा नाकाखाली टेकवला आणि भूमध्य समुद्रापासून तांबड्या समुद्रापर्यंत एका झटक्यात कालवा खणून मोकळा झाला. जगात इतक्या झपाट्यानं कालवा खणल्याची नोंद नसेल.

फेस निथळला. कालव्याच्या दोन्ही काठांवर श्यामकांतची मिशी अर्धी अर्धी उभी होती. नाकाखाली दोन झुरळं समोरासमोर दबा धरून बसावीत, तशी.

"धाकू," श्यामकांत हळूच म्हणाला, "अरे, मिशी होती ना रे तिथे?"

"फेसाखाली दिसाक नाय, सायब," धाकू वस्तरा पुसत म्हणाला. "घाबरू नकात. दोनव काठ सारखे करतंय."

त्याने उजवा काठ थोडा मागे सारला. मग डावा जड दिसू लागला. डावा मागे सारला, तर उजवा. पोंक्षे लांब उभे राहून एक डोळा मिटून फर्मावत होते, "अजून थोडं इकडून. अजून थोडं तिकडून." असं करता करता दोन्ही बाजूंनी इतकी माघार झाली की श्यामकांतच्या ओठावर शेवटी एकाही केसाचं सैन्य उरलं नाही.

आता मिशी गेली तर गेली, पुन्हा उगवेल, असं एखाद्याला वाटेल. मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये गुळगुळीत तोंडाची पोरं ढिगानं फिरत होती. पण टिपणिसांच्या घरात बाप हयात असताना मुलाने मिशी काढायची नाही, हा कायदा होता, आणि श्यामकांतने तो साऱ्या इमारतीला ऐकवला होता. मिशी उतरवायची ती बाप गेल्यावरच. आणि आज दुपारी तोच बाप, वर्षाचा अबोला सोडून, धडधाकट, जेवायला येणार होता.

श्यामकांत तोंडावर रुमाल धरून, मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेनं घरी निघाला. इमारतीच्या ओट्यावर शेजारचे अनंतराव गुप्ते रांगोळी पुसणाऱ्या पोरांवर ओरडत बसले होते. नेमका तिथेच श्यामकांतला शिंक आली आणि रुमाल सरकला. अनंतरावांनी त्या उघड्या ओठाकडे पाहिलं, सरकलेल्या रुमालाकडे पाहिलं आणि ओरडता ओरडता ते गप्प झाले. श्यामकांत धडपडत जिना चढून गेला.

"अगं बाई!" सुगंधाच्या हातातली वाटी खाली पडली. "हे काय करून आलात? सणासुदीचं? मामंजी काय म्हणतील?"

"सगळं खरं सांगून टाकतो त्यांना."

"खरं म्हणजे काय?"

"म्हणजे सुवेझचा कालवा..."

"शपथ!"

"मग खोटं सांगतो. गजकर्ण झाला म्हणतो."

"पाडव्याच्या पानावर गजकर्ण? आणि ते लगेच डोळ्यांना चष्मा लावून तपासतील. ओळखत नाही का मी त्यांना?" ती कपाळाला हात लावून बसली. मग ताडकन उठली. "थांबा. काजळ!"

सुगंधाने काजळाची डबी आणली आणि करंगळीनं नवऱ्याला मिशी काढली. काढली खरी चांगली, पण आरशात बघताच श्यामकांतला स्वतःचीच भीती वाटली. मेळ्यातला खलनायक चुकून घरात शिरल्यासारखा दिसत होता. त्याला हसू आलं, सुगंधालाही आलं आणि हसता हसता त्याने तोंडावरून हात फिरवला. काजळ गालाला, गालाचं डोळ्यांत. खोबरेल लावून पुसलं, तर तेलही डोळ्यांत. काजळ निघालं, डोळे मात्र डाळिंबासारखे लाल झाले आणि घळाघळा वाहू लागले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. श्यामकांतने डोळे पुसत दार किलकिलं केलं. बाहेर अनंतराव. त्यांनी एक शब्द काढला नाही. श्यामकांतचा हात हातात घेतला, दाबला, मान हलवली आणि निघून गेले.

"काय झालं हो त्यांना?" सुगंधाने आतून विचारलं.

"कुणास ठाऊक. सणाच्या दिवशी सद्गदित होतात काही माणसं."

मग श्यामकांतच्या ध्यानात आलं की आज इमारतीत चमत्कारिक शांतता आहे. सकाळपासून कान किटवणारे फटाके थांबले होते. खालचा रेडिओ बंद झाला होता. त्याने खिडकीतून डोकावलं, तर समोरच्या गॅलरीतला आकाशकंदील कुणीतरी उतरवून ठेवत होतं. "किती समजूतदार लोक आहेत बघ," तो म्हणाला. "अण्णांना गोंगाट चालत नाही, हे यांना कसं कळलं?"

सुगंधा त्याच्याकडे बघतच राहिली. पण तिला काही बोलायला सवड मिळाली नाही. मागच्या दारानं रत्नप्रभाबाई, म्हणजे अनंतरावांची बायको, पदराखाली पातेलं धरून आत आल्या. त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि सुगंधाला घट्ट मिठी मारली.

"आज चूल पेटवू नकोस गं. दोन घास पिठलं-भात खाऊन घ्या दोघं. खायला तर हवंच ना."

सुगंधाने पातेल्याकडे पाहिलं. मग टांगलेल्या चक्क्याकडे, पुऱ्यांच्या कणकेकडे, नवऱ्याच्या उघड्या ओठाकडे आणि लाल डोळ्यांकडे. मुलाची मिशी गेलेली, घरात शेजारणीनं आणलेलं पिठलं-भात!

"रत्नप्रभावहिनी," ती कशीबशी म्हणाली, "तुम्हाला... तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"अगं, सांगायला कशाला हवं? आम्हाला डोळे आहेत ना. आणि घाटकोपरला केव्हा निघताय? आमचे हे येतील खांद्याला."

"खांद्याला!" श्यामकांत किंचाळला. "अहो वहिनी, अण्णा जिवंत..."

"असंच वाटतं गं बाई पहिल्या दिवशी," रत्नप्रभाबाई सुगंधाला म्हणाल्या आणि डोळे टिपू लागल्या.

आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यावर काठी वाजली. ठक. ठक. ठक. ती काठी श्यामकांत झोपेतसुद्धा ओळखत असे. त्याने झेप घेऊन पुढचं दार गाठलं. पण कडीला हात घातला तो तसाच राहिला. बाहेर अनंतराव आणि शेजारचे दोघं-तिघं पांढरे कपडे घालून उभे होते. आता दार उघडलं तर आधी काय समोर करायचं: उघडा ओठ, की ही मंडळी? तो फटीला डोळा लावून उभा राहिला.

अण्णा वर आले. कोट, टोपी, हातात मिठाईचा पुडा. इमारतीत त्यांचा आवाज सगळ्यांनी भिंतीतून ऐकला होता. पण अधूनमधून येणाऱ्या या पाहुण्याचं तोंड कुणी नीट पाहिलं नव्हतं.

"का हो, इतके गप्प का सगळे?" अण्णांनी विचारलं. "कोण गेलं?"

"टिपणिसांचे वडील," अनंतराव हळू आवाजात म्हणाले.

अण्णांनी टोपी काढली. मग सावकाश पुन्हा घातली. "कोण, मार्तंडराव?"

"तुम्ही ओळखायचात?"

"थोडंफार. केव्हा गेले म्हणता?"

"आज सकाळीच. बसा ना."

अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले. मिठाईचा पुडा मांडीवर घेतला. स्वतःबद्दल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची संधी माणसाला एरवी मिळत नाही आणि मिळते तेव्हा त्याला ऐकू येत नसतं. अण्णांना दोन्ही कानांनी ठणठणीत ऐकू येत होतं.

"माणूस कसा होता?" त्यांनी विचारलं.

"तापट, असं ऐकलंय."

"कुणाकडून?"

"भिंतीकडून," अनंतराव म्हणाले. "पण विद्वान. आम्ही रोज संध्याकाळी ओट्यावर बसतो ना, तेव्हा हा श्यामकांत दर दोन वाक्यांनी म्हणायचा, 'आमचे अण्णा म्हणतात.' अण्णा म्हणतात, जर्मनी पुन्हा वर येणार. अण्णा म्हणतात, रशियाच्या हसण्यावर जाऊ नका. रशियावरून तर आम्हाला वर्षभर भंडावून सोडलं त्यानं."

"रशियाच्या विरुद्ध बोलायचा? श्यामकांत?"

"विरुद्ध म्हणजे? कडाडून! म्हणायचा, तीस वर्षं जहाज कंपनीत काढलेल्या माणसाचा शब्द आहे हा, तुम्हा मुलुंडच्या माणसांना काय कळणार!"

दाराआड श्यामकांतने डोळे मिटून घेतले. कानाच्या पाळ्या तापल्या. मग काठी फरशीवर आपटली.

"श्यामकांत! बाहेर ये."

अनंतराव दचकले. तो आवाज त्यांनी भिंतीतून ऐकलेला होता. ते दोन पायऱ्या मागे सरकले आणि भिंतीला टेकले.

श्यामकांत बाहेर आला. अण्णांनी त्याच्याकडे वर्षानंतर पहिल्यांदा पाहिलं. नाकाखाली पाहिलं. पाहतच राहिले.

"मी मेलोय, हे मला आत्ता कळलं," ते म्हणाले. "मिशी कुणी काढली?"

श्यामकांतने सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने उभ्या इमारतीकडे पाहिलं. "सांगा एकदाचं," ती म्हणाली. "शपथ सुटली."

मग श्यामकांतने सगळं सांगितलं. गाल, कान, आरसा, भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र. "मी एवढंच म्हणत होतो अण्णा, की कालवा ज्यानं खणला त्याचा. तुमचंच मत. गणपतीत सुगंधाला सांगितलं होतंत तुम्ही. त्या मतापायी मिशी गेली माझी."

अण्णांचा खालचा ओठ हलला. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. रत्नप्रभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सुगंधाचा जीव वर्षानंतर भांड्यात पडणार, इतक्यात अण्णा घसा खाकरून म्हणाले, "पण ते माझं गणपतीतलं मत."

"म्हणजे?"

"म्हणजे आता बाँब टाकल्यावर तेच मत कसं राहील? भरल्या गावावर विमानं घालायची आणि वर म्हणायचं, कालवा आमचा? मी साफ इजिप्तच्या बाजूला आहे. तुझ्या त्या न्हाव्याचं बरोबर आहे."

"न्हाव्याचं बरोबर?" श्यामकांतचा आवाज चढला. "अण्णा, मिशी देऊन बसलोय मी या मतासाठी! आणि तुम्ही परस्पर पलीकडच्या काठावर?"

"मत म्हणजे मिशी नव्हे, जपून ठेवायला! परिस्थिती बदलली की..."

"परिस्थिती नाही बदलली, तुम्ही बदललात! मी म्हणतो ज्यानं खणला..."

"खणला कुणाच्या मजुरांनी? आं? बोल!"

बोलत बोलत दोघं घरात शिरले. खालून एक फटाका फुटला, मग दुसरा. समोरचा आकाशकंदील परत टांगला गेला. अनंतराव दारातूनच श्यामकांतला सांगत होते, "अरे, वडिलांचं ऐक, नुकतेच गेलेत ते, म्हणजे, नुकतेच आलेत!" पण त्यांचं कोण ऐकतंय? सुगंधा दोघांच्या मधून वाट काढत पाटरांगोळी करत होती आणि तिच्या तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. वर्षभर जे घर मुकं होतं, ते आता भिंतींसकट बोलत होतं.

श्रीखंड फेटून होईपर्यंत अण्णांना धीर निघेना. वादाने भूक खवळली होती. त्यांनी ओट्यावरचं पातेलं स्वतःच पुढ्यात ओढलं आणि नेपाळपासून मोरोक्कोपर्यंत सगळ्या देशांना हाक मारत एकेक घास तोंडात टाकू लागले. रत्नप्रभाबाई कोपऱ्यात लाजेनं अर्ध्या झाल्या होत्या. आपण आणलेलं दुःखाचं अन्न ज्याच्या नावाचं, तोच समोर बसून चाटूनपुसून खातोय, हे बघायचं कसं?

पातेलं रिकामं झाल्यावर अण्णांनी त्यांच्याकडे मान वळवली.

"पिठलं झकास झालंय हो, वहिनी," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मीठ मात्र जरा बेतानं घाला."